कात, काथोडी आणि आपला कडोदऱ्याचा रस्ता



इथे कडोदऱ्याच्या जुन्या आठवणींवर बरंच लिहून झालंय. चलथाण स्टेशन, साखर कारखान्याचा वास, चोकडीवर उभं राहून पकडलेली नंदुरबार-धुळ्याची एसटी, मिलमधली पहिली रात्रपाळी. आज मी थोडं मागे आणि थोडं जंगलात नेणार आहे. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

निमित्त घरातलंच. माझी भाची फार्मसी शिकते. तिला सेमिनारला विषय मिळाला: औषधी वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट द्रव्यं पर्यावरणाला धक्का न लावता कशी काढायची. म्हणाली, "मामा, तुम्ही सगळी वर्षं डाइंगमध्ये काढली, रसायनं तुम्हाला कळतात, जरा बघा ना." तिच्या कागदांत बहुतेक नावं परदेशातली आणि सगळं गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं. फ्रान्समधले फरीद शेमात आणि त्यांचे सहकारी, त्यांनी २०१२ साली मांडलेली 'हरित निष्कर्षणा'ची सहा तत्त्वं, असं सगळं. मी विचारलं, "यात काथोडी कुठे आहेत?" ती म्हणाली, "ते कोण?"

काथोडी म्हणजे रायगड-ठाण्याकडे ज्यांना आपण कातकरी म्हणतो तेच लोक. आपल्या गुजरातच्या बाजूला सोनगड, उच्छल, मांडवी, डांग या पट्ट्यात त्यांना काथोडी म्हणतात. बोली मराठीच्या पोटातली, वर थोडा गुजरातीचा रंग. गुजरात सरकारच्या यादीत अतिअसुरक्षित आदिम जमाती पाच आहेत: काथोडी, कोटवाळिया, कोलघा, पढार आणि सिद्दी. महाराष्ट्रात अशा तीन, त्यातही कातकरी आहेतच. दोन्ही राज्यांत सगळ्यात तळाशी असलेली ही जमात. आणि तिचं नाव पडलंय ते एका अर्कावरून! कात काढणारे म्हणून कातकरी, काथ काढणारे म्हणून काथोडी. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही नावाचा हाच उगम दिलाय. सोनाराला सोन्यावरून नाव मिळालं, लोहाराला लोखंडावरून. पण झाडातून काढलेल्या एका द्रव्यावरून आख्ख्या जमातीला नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता झाडाकडे. आपल्यापैकी बहुतेकांची गावं एकाच रस्त्याला बांधलेली आहेत. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. पुढे कोणी नंदुरबारला, कोणी साक्रीला, कोणी धुळ्याला. व्यारा सोडलं की सागाच्या मधे मधे एक मध्यम उंचीचं काटेरी झाड दिसतं. साल काळपट, खरबरीत. पान बाभळीसारखं बारीक, फुलांचे तुरे फिकट पिवळे. तो खैर. संस्कृतात खदिर. चरकसंहितेत त्वचेच्या रोगांवरच्या औषधांत खदिराला पहिलं स्थान दिलेलं आहे. खदिरारिष्ट, खदिरादि वटी आजही दुकानात मिळतात. आपल्या आज्या तोंड आलं की कात उगाळून लावायच्या, तो याच झाडाचा. आणि कडोदरा चोकडीवर पानाच्या गल्ल्यावर ज्याला 'काथो' म्हणतात, तोही मुळात याच झाडाच्या गाभ्यातला.

खैराच्या गाभ्यात दोन गोष्टी असतात. एक कॅटेचिन आणि दुसरं टॅनिन. कॅटेचिन म्हणजे भाचीच्या सेमिनारचं ते अँटिऑक्सिडंट. ग्रीन टीच्या डब्यावर ज्यांचा एवढा गाजावाजा असतो ती द्रव्यं याच घराण्यातली. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, हे पानवाल्याच्या हातात दिसतं बघा. कात तपकिरी, चुना पांढरा. दोघं भेटले की लाल. चुन्याच्या क्षारात कॅटेचिन हवेतल्या ऑक्सिजनला पटकन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, स्वतः ऑक्सिडाइझ होतं, आणि तो लाल रंग तयार होतो (सुपारीतलं टॅनिनही यात हातभार लावतं). जो स्वतः पटकन झिजतो तो बाजूच्याला झिजू देत नाही, एवढंच हे काम. प्रयोगशाळेत हेच मोजायला डीपीपीएच नावाचं एक गडद जांभळं द्रव्य वापरतात, १९५८ सालची पद्धत आहे. त्यात अर्क टाकला की जांभळा रंग उतरून पिवळा पडतो. किती उतरला तेवढी अर्काची ताकद. म्हणजे आपण मिलमध्ये शेड उतरली की डोक्याला हात लावतो, आणि तिकडे शेड उतरली की टाळ्या!

काथोडी हे द्रव्य काढायचे कसे? थंडीच्या दिवसांत कुटुंबंच्या कुटुंबं जंगलात मुक्कामाला जायची. जून झाड निवडायचं. तोडल्यावर साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकायचं, आतला लाल गाभा तेवढा ठेवायचा. गाभ्याच्या फटींत कधी कधी पांढरट भुकटी सापडते, तिला खैरसाल म्हणतात. ते झाडातच गोठलेलं कॅटेचिन. मग गाभ्याच्या बारीक चिपा करायच्या, मातीच्या मडक्यांत पाणी घालून चुलाणावर रटरटा उकळायच्या. पाणी गाळून घ्यायचं, आटवायचं, काकवीसारखं घट्ट झालं की थंड करायला ठेवायचं, मग वड्या. भांडं मातीचंच. लोखंडाची कढई यात चालत नाही, कारण टॅनिन लोखंडाला लागलं की काळी शाई होते आणि सगळा माल खराब. टॅनिन हा शब्द त्या माणसांच्या गावी नव्हता, पण लोखंड दूर ठेवायचं हे ठाऊक होतं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट थंडीची. कॅटेचिन गरम पाण्यात सहज विरघळतं, थंड पाण्यात जवळजवळ नाही. टॅनिनचं तसं नाही, ते थंड पाण्यातही विरघळलेलंच राहतं. म्हणजे घट्ट रस थंड झाला की कॅटेचिनचे कण खाली बसतात आणि टॅनिन वरच्या पाण्यात राहतं. कुमाऊँकडे तर त्या रसात काटक्या सोडून ठेवायचे, त्यांवर कण धरायचे, खडीसाखर दोऱ्यावर धरते तसे. दोन द्रव्यं वेगळी करायला दुसरं रसायन नाही, अल्कोहोल नाही, ॲसिटोन नाही. पाणी, आग आणि माघाची रात्र. आजचे मोठे कात-कारखानेही मुळात हेच करतात. मडक्याच्या जागी दाबाची भांडी, रात्रीच्या जागी शीतगृह, आणि मग फिल्टर प्रेस. बरेलीजवळ इज्जतनगरला इंडियन वुड प्रॉडक्ट्स ही कंपनी १९१९ साली निघाली, आपल्या कोकणात चिपळूण-सावर्ड्याच्या बाजूला कातभट्ट्या आणि कारखाने झाले. सगळ्यांचा पाया तोच.

डाइंगमधल्या माणसाला यात गंमत वाटते. आपण पॉलिएस्टरला जेटमध्ये १३० डिग्रीला नेतो ते रंग पाण्यातून धाग्यात शिरावा म्हणून. काथोडी नेमकं उलटं करायचे, लाकडातून पाण्यात. उष्णतेने दार उघडायचं आणि थंडीने मिटायचं, ही युक्ती एकच.

हा माल गेला कुठवर, तेही बघा. दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज १५१६ च्या सुमाराला लिहितो की खंबायतच्या मालात 'काचो' नावाचं औषध असतं आणि ते मलाक्क्याच्या बाजारात पोचतं. खंबायत आपल्यापासून दूर नाही. त्या 'काचो'तला काही भाग तापीच्या खोऱ्यातल्या खैराचा असणार, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, बार्बोसाचा नाही. पुढे गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया दा ऑर्ता (मुंबई बेट काही वर्षं त्याच्याकडे पट्ट्याने होतं) याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधांच्या ग्रंथात 'काते'वर वेगळं प्रकरण लिहिलं. लाकडाच्या चिपा उकळतात, नाचणीच्या पिठात मिसळून वड्या करतात, असं वर्णन त्यात आहे. नाचणी! म्हणजे ज्यांच्याकडून त्याने हे ऐकलं ती माणसं कोण असतील ते सांगायला नको.

युरोपात पोचेपर्यंत मात्र माणसं गळली. तिथल्या औषधविक्यांनी त्याला नाव दिलं 'टेरा जापोनिका', जपानची माती. झाडाचा रस आहे हेही कळलं नाही, मग कोणाच्या हातचा आहे हे कुठून कळणार. १८२१ साली फर्डिनांड रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कातापासून शुद्ध द्रव्य वेगळं केलं. कातावरून, म्हणजे 'कॅटेच्यू'वरून, त्याला कॅटेचिन नाव पडलं. कॅटेचिन तापवून मिळालं ते कॅटेकोल. आणि कॅटेकोलवरून शरीरातल्या ॲड्रिनलिन वगैरे द्रव्यांच्या कुटुंबाला नाव मिळालं कॅटेकोलअमाइन. घाबरल्यावर छातीत धडधडतं तेव्हा जे रक्तात उतरतं, त्याच्या नावातही कात आहे.

हाच रुंगे १८३४ साली दगडी कोळशाच्या डांबरात ॲनिलीन सापडल्याचं सांगतो. ॲनिलीन म्हणजे काय ते आपल्या लोकांना सांगायला नको, आपली निम्मी आयुष्यं त्याच्या नातवंडांत गेली. १८५६ ला पर्किनने त्याच वाटेने पहिला कृत्रिम रंग काढला, १८६८ ला मंजिष्ठातला लाल रंग प्रयोगशाळेत बनला, १८९७ पासून जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. कातही एकेकाळी कापडाचा रंग होता. छिपे आणि कॅलिको प्रिंटिंगवाले तपकिरी छटेसाठी तो वापरायचे, मासेमारीची जाळी कुजू नयेत म्हणून त्याच्या पाण्यात बुडवायचे. एक मात्र खरं सांगायला हवं. नैसर्गिक रंग म्हणजे सगळं सोवळं, असं नव्हतं. काताचा तपकिरी पक्का करायला एकोणिसाव्या शतकात सर्रास बायक्रोमेट वापरत, आणि क्रोम किती वाईट हे मिलच्या सांडपाण्याशी ज्याचा संबंध आला त्याला माहीत आहे.

या बदलाचा एक धागा आपल्याच भागातून जातो. पलसाणा तालुका तेव्हा गायकवाडी, बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला. व्यारा, सोनगडही त्यातच. सोनगड तर गायकवाडांचं पहिलं ठाणं. सयाजीराव महाराजांनी बडोद्याला १८९० साली कलाभवन काढलं. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, जन्म १८६३, गाव सुरत. रंगाई आणि रसायन हा तिथला जिव्हाळ्याचा विषय. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासलं होतं, ते पुढे याच गज्जरांनी साफ करून दिलं. त्यांच्याच प्रेरणेतून, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या साथीने, १९०७ साली बडोद्याला अलेम्बिक उभी राहिली. स्पिरिट आणि त्यातून औषधी वनस्पतींचे टिंक्चर, हे तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी. वनस्पतीचा अर्क मडक्यातून बाटलीत आला तो असा. पाण्याच्या जागी अल्कोहोल आलं, माल टिकाऊ झाला, मापात बसला. मोठं काम होतं, त्यात शंकाच नाही. पण त्याच सुमारास सोनगडच्या जंगलात मडक्याखालची आग विझत चालली होती.

ती विझवली जंगलाच्या कायद्यांनी. १८६५ चा पहिला वनकायदा, १८७८ चा त्याहून कडक, मग १९२७ चा. जंगल राखीव झालं, खैर सरकारचा झाला. तोडायला परवाना, परवाना ठेकेदाराला, काथोडी ठेकेदाराकडे मजूर. ठाणे-कुलाब्याकडे लोकांची ओरड एवढी वाढली की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. संस्थानी जंगलातही चित्र फारसं वेगळं नव्हतं. काही कुटुंबांना ठेकेदारांनी कात काढायला महाराष्ट्राच्या बाजूने थेट राजस्थानात उदयपूरकडे नेलं. झाडोल-कोटड्याच्या डोंगरात त्यांची वंशावळ अजून आहे. हातात हुन्नर होता म्हणून नेलं, आणि खैर संपल्यावर तिथेच सोडलं. उरलेले कोळसाभट्टीवर गेले, वीटभट्टीवर गेले, ऊसतोडीला गेले.

ऊसतोड म्हटलं की आपण पुन्हा कडोदऱ्यात येतो. चलथाण, बारडोलीच्या कारखान्यांना ऊस तोडायला दिवाळीनंतर जी 'कोयता' माणसं येतात, डांगची, नवापूरची, धुळ्याकडची, त्यांच्यात काथोडी कुटुंबंही असतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने या भागातल्या मजुरांवर आयुष्यभर लिहिलं, त्याचं १९८५ चं पुस्तक याच दक्षिण गुजरातवर आहे. रस्त्याच्या कडेला उसाच्या पाचटाच्या झोपड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. आपणही याच रस्त्याने आलो, पण आपल्याला मिलचं कार्ड मिळालं, मग भाड्याची खोली, मग सोसायटीत घर. ते दरवर्षी येतात आणि दरवर्षी परत जातात.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे जुनी पद्धतच खरी हरित, तीच परत आणा. मला तसं वाटत नाही. हिशेब मांडून बघू. एक लिटर पाणी तापवून सगळं वाफ करायचं तर सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण १५ मेगाज्यूल असते, पण उघड्या चुलीवर त्यातला दहावा ते सातवा हिस्साच पाण्यापर्यंत पोचतो. म्हणजे लिटरभर पाणी उडवायला सव्वा ते पावणेदोन किलो लाकूड. शार्ङ्गधरसंहितेतल्या काढ्याचं माप बघा: एक भाग औषध, सोळा भाग पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. आमच्या भाषेत लिकर रेशो एकास सोळा. किलोभर औषधामागे चौदा लिटर पाणी उडालं, म्हणजे सतरा-अठरा किलो लाकूड तरी जळालंच. वाटीभर काढ्याला हे चालतं, बाजाराला पुरवायचं म्हटलं तर जंगल पुरत नाही. शिवाय खैराचा गाभा हवा, म्हणजे झाडच पाडावं लागतं, आणि गाभा भरायला वीस-पंचवीस वर्षं तरी जातात. काथोडी संख्येने थोडे होते, फिरते होते, थंडीपुरतं काम करत होते, म्हणून ते जंगलाला झेपलं. ठेकेदार आल्यावर पद्धत तीच राहिली, पण झेपेनासं झालं.

म्हणून नवीन प्रयोगशाळांचं काम मी हलकं मानत नाही. ते काय वाचवतात एवढं मात्र विचारायला हवं. मुंबईच्या माटुंग्यातली यूडीसीटी, आताची आयसीटी, १९३३ पासूनची संस्था. तिथे विलास गायकर यांच्या गटाने २००२-०३ च्या सुमारास मिरीतलं पायपरीन आणि हळदीतलं कर्क्युमिन 'हायड्रोट्रोपी'ने काढून दाखवलं. कर्क्युमिन हेही अँटिऑक्सिडंटच, पण ते साध्या पाण्यात विरघळत नाही. नेहमीची वाट ॲसिटोन किंवा तसल्या ज्वालाग्राही द्रव्याची. हायड्रोट्रोपीत पाण्यात एक विशिष्ट क्षार बराचसा घालतात, त्या पाण्यात कर्क्युमिन विरघळतं. नंतर त्यातच साधं पाणी वाढवलं की ते सुटून खाली बसतं. मला हे वाचताना काथोड्यांचं मडकंच आठवलं. त्यांची कळ गरम-थंडाची, इथे दाट-पातळाची. पाण्याने एकदा धरायचं, एकदा सोडायचं, हे दोन्हीकडे सारखं.

त्याच संस्थेत राठोड आणि कुलकर्णी यांनी २०१४ साली आंब्याच्या पानांतून मँगिफेरीन हे अँटिऑक्सिडंट काढलं, त्यात अल्ट्रासाउंडचा वापर होता. त्या लहरींनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात, फुटताना पेशींच्या भिंती तोडतात. मग तासन्‌तास उकळायची गरज उरत नाही. पण त्यांच्या कामातली माझ्या मते मोठी गोष्ट लहरींची नाही, पानांची आहे. पान तोडलं तर झाड राहतं. आयआयटी मुंबईच्या ममता मुखोपाध्याय यांनी २००० साली दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने अर्क काढण्यावर पुस्तकच लिहिलं. ३१ अंश आणि ७४ बारच्या पुढे हा वायू द्रवासारखा वागतो, अर्क घेतो आणि दाब काढला की उडून जातो, मालात काही मागे राहत नाही. तेलकट द्रव्यांना हे उत्तम. कॅटेचिनसारख्या पाणीप्रिय द्रव्यासाठी मात्र जोडीला थोडं अल्कोहोल द्यावं लागतं. आणि यंत्र फार महाग. कडोदऱ्याची एखादी लहान मिल विकून आलं तरी बघा!

थोडक्यात, कोणी वेळ वाचवतो, कोणी इंधन, कोणी विषारी द्रव्य. सगळं एकदम कोणी वाचवत नाही. आपल्या मिलपट्ट्यात तीस वर्षं राहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. खाडीच्या पाण्याचा रंग पाहून आज कोणती शेड चालू आहे ते सांगता यायचं, असे दिवस आपण पाहिलेत. यंत्राच्या आत काय चाललंय ते सगळे बघतात, नळीच्या शेवटी काय पडतं आणि बॉयलरच्या तोंडात काय जातं ते नंतर बघतात.

अँटिऑक्सिडंट या शब्दाने हुरळून जाऊ नये म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्या सोसायट्यांत असल्या गोळ्या आणि ज्यूस विकणारे फार झालेत. शुद्ध कॅटेचिन युरोपात 'सायनिडॅनॉल' या नावाने यकृताच्या दुखण्यावर देत असत. काही रोग्यांच्या लाल पेशी फुटू लागल्या, माणसं दगावली, आणि १९८५ साली ते औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं. झाडातून आलं, पाण्यात काढलं, म्हणून ते हवं तेवढं खावं असं नाही. पानाचंही तेच. तंबाखू नसलेलं पान-सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली स्पष्ट केलंय. दोष मुख्यतः सुपारीचा, पण काताची गाठ तिच्याशीच बांधलेली आहे.

आता पानातला कात तरी खैराचा उरलाय का? बराचसा नाही. इंडोनेशियातून गॅम्बिअर नावाच्या वेलवजा झुडपाची पानं उकळून केलेला अर्क येतो, त्यातही कॅटेचिन भरपूर, आणि झाड पाडायला लागत नाही. खैराच्या दृष्टीने बरंच झालं. तरी चोरतोड थांबलेली नाही. व्यारा, मांडवी, डांगकडून खैर भरलेली गाडी पकडल्याच्या बातम्या स्थानिक पेपरात येतच असतात. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत खैर आहे, स्वतःच्या बांधावरचा तोडायलाही परवानगी लागते. पकडल्या जाणाऱ्या गाडीत ड्रायव्हर आणि तोडणारा मजूर सापडतो. तो मजूर कोणत्या पाड्यावरचा असतो, ते वाचलं की मला ठाऊक असलेलंच नाव पुन्हा समोर येतं.

कायद्याचा आणखी एक पेच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनोपजावर मालकी दिली, औषधी वनस्पतीही त्यात धरल्या. पण व्याख्येत लाकूड नाही, आणि खैराचं औषध तर लाकडातच आहे. म्हणजे ज्याच्यावरून जमातीचं नाव, नेमकं तेच हक्काच्या बाहेर. दुसरीकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यात असं होतं की वनस्पतीचा आणि ज्ञानाचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यावा. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथात नोंदलेल्या परंपरागत ज्ञानाला त्यातून बरीच सूट मिळाली. खदिराचे गुण चरकात लिहिलेले आहेत, काढ्याचं माप शार्ङ्गधरात आहे. लोखंड नको, मातीचं मडकं हवं, पांढरी भुकटी दिसेल तो गाभा आधी घ्यावा, हे हातातलं ज्ञान ज्यांचं होतं त्यांच्याकडे ग्रंथ नव्हता. हे बरोबर झालं असं मला वाटत नाही, आणि वाटत नाही ते इथे लिहून ठेवतो.

आपल्या समूहात सोनगड, उच्छल, निझर, नवापूर, अक्कलकुवा या बाजूला सोयरीक असलेली बरीच घरं आहेत. शेतीच्या, लग्नकार्याच्या निमित्ताने तुमचं जाणं-येणं असतं. तिथे काथोडी पाड्यावर कोणी म्हातारं माणूस असेल, ज्याने स्वतः खैर उकळलाय किंवा आईबापाला उकळताना पाहिलंय, तर थोडा वेळ त्यांच्यापाशी बसा. मडकी कशी लावायचे, किती वेळा पाणी बदलायचे, कोणत्या महिन्यात निघायचे, बायकांचं काम कोणतं, वड्या कोणत्या बाजारात जायच्या आणि बदल्यात काय मिळायचं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. बोली तशीच राहू द्या, शुद्ध करायला जाऊ नका. त्यांना विचारून, त्यांची परवानगी असेल तरच इथे टाका. खैराच्या गाभ्याचा फोटो कोणाकडे असेल तर तोही चालेल, झाड मात्र त्यासाठी तोडू नका.